अ‍ॅरिस्टार्कसचा उजेड : चंद्रावरच्या अनोळखी दिव्यांचा आढावा

२९ ऑक्टोबर १९६३ च्या संध्याकाळी अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत जेम्स ग्रीनएकर आणि एडवर्ड बार हे दोघे नकाशाकार २४ इंची भिंगाच्या दुर्बिणीवर काम करत होते. अमेरिकी हवाई दलासाठी चंद्राचे नकाशे काढणं ही त्यांची नोकरी. ग्रीनएकर यांच्या नजरेखालून चंद्राचा तो भाग असंख्य वेळा गेला होता आणि चंद्रावर दिवे दिसल्याच्या हकिकतींवर त्यांचा विश्वास नव्हता. सातच्या सुमारास त्यांना अ‍ॅरिस्टार्कस विवराच्या काठावर आणि जवळच्या श्रोटर दरीच्या परिसरात लालसर-नारिंगी ठिपके चमकताना दिसले. अर्ध्या तासाच्या आत ते मावळले. महिन्याभरानं, २७ नोव्हेंबरला, त्याच भागात पुन्हा रंग चढला. या वेळी तो वेधशाळेचे संचालक जॉन हॉल यांनीही पाहिला आणि ६९ इंची दुर्बिणीवरून पीटर बॉइस यांनी त्याला दुजोरा दिला.

साठ वर्षं उलटून गेली, पण त्या दोन रात्री काय दिसलं याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. ग्रीनएकर भोळे नव्हते, दुर्बीण खेळण्यातली नव्हती आणि दुसऱ्या खेपेला साक्षीदारही एकापेक्षा जास्त होते. तरीही छायाचित्र नाही आणि वर्णपट नाही. या विषयाची सगळी अडचण या एका प्रसंगात दिसते.

एक नाव, अनेक गोष्टी

चंद्राच्या पृष्ठभागावर थोडा वेळ दिसणारा उजेड, रंग, धूसरपणा किंवा काळोखी यांना ब्रिटिश खगोललेखक पॅट्रिक मूर यांनी १९६८ मध्ये एकच नाव दिलं. मराठीत त्याला ‘क्षणिक चांद्रघटना’ म्हणू. त्याच वर्षी बार्बरा मिडलहर्स्ट, मूर आणि इतर दोघींनी ‘नासा’साठी १५४० ते १९६७ या काळातल्या ५७९ नोंदींची यादी प्रसिद्ध केली. पुढे विनिफ्रेड कॅमरन यांनी १९७८ मध्ये ती वाढवून १,४६८ नोंदींपर्यंत नेली.

या याद्यांमुळे विषयाला अभ्यासाचं रूप आलं, आणि घोटाळाही त्यांतूनच सुरू झाला. सेकंदाच्या अंशात विझणारी ठिणगी, तासभर टिकलेली लाली, विवराचा तळ अचानक धुक्यात गेल्यासारखा वाटणं हे सगळं एकाच वहीत, एकाखाली एक लिहिलं गेलं. तापानं फणफणलेला, ठेच लागलेला आणि दातदुखीचा अशा तिघा रुग्णांना एकाच केसपेपरवर नोंदवल्यासारखं ते झालं. मग ‘चंद्रावरच्या उजेडाचं कारण काय?’ हा प्रश्न एकवचनी विचारला जाऊ लागला आणि उत्तर देणारेही एकेकच कारण पुढे करू लागले. माझ्या मते चर्चा इतकी लांबण्याचं हे निम्मं कारण आहे.

पार्श्वभूमी

सर्वांत जुनी प्रसिद्ध नोंद १८ जून ११७८ ची. सूर्यास्तानंतर सुमारे तासाभरानं चंद्रकोरीचं वरचं टोक दुभंगलं आणि तिथून ज्वाळा व ठिणग्या उसळल्या असं पाचेक जणांनी पाहिल्याचं इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या जर्व्हेस या मठवासी इतिहासकारानं लिहून ठेवलं. जॅक हार्टुंग यांनी १९७६ मध्ये सुचवलं की चंद्राच्या कडेपलीकडचं २२ किलोमीटर व्यासाचं ‘जोर्दानो ब्रूनो’ विवर त्याच संध्याकाळी तयार झालं असावं. कल्पना मोहात पाडणारी होती. परंतु पॉल विदर्स यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की एवढा आघात झाला असता तर उडालेल्या मलब्यामुळे पृथ्वीवर आठवडाभर उल्कांचं वादळ झालं असतं. आणि त्या काळी आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या युरोपीय, अरब, चिनी, जपानी नोंदकारांपैकी एकानंही त्याचा उल्लेख केलेला नाही. जपानच्या ‘कागुया’ यानाच्या छायाचित्रांवरून या विवराचं वय दहा लाख ते एक कोटी वर्षांच्या दरम्यान निघालं. मग साक्षीदारांनी काय पाहिलं? पृथ्वीच्याच वातावरणात, नेमकी चंद्राच्या रेषेत, त्यांच्या दिशेनं येत फुटलेली एखादी उल्का हे आज सर्वांत पटणारं उत्तर मानलं जातं.

विल्यम हर्शेलचं प्रकरण वेगळं आहे. एप्रिल १७८७ मध्ये त्यानं चंद्राच्या अंधाऱ्या भागात तीन लालसर ठिपके पाहिले आणि ते ज्वालामुखी असल्याचं जाहीर केलं. युरेनसचा शोध लावणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? पण त्यांपैकी सर्वांत ठळक ठिपका बहुधा अ‍ॅरिस्टार्कस होता. शुक्ल तृतीया-चतुर्थीच्या संध्याकाळी कोरीबाहेरचा चंद्र राखाडी उजेडात मंद दिसतो. तो उजेड पृथ्वीवरून परतून तिथे पडलेला असतो. त्या राखाडीत अ‍ॅरिस्टार्कस उठून दिसतो, कारण सुमारे ४० किलोमीटरचं हे तुलनेनं तरुण विवर चंद्राच्या दर्शनी बाजूवरच्या सर्वांत उजळ जागांपैकी एक आहे. छोट्या दुर्बिणीतून मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्षणभर मलाही तिथे काहीतरी धुमसतंय असं वाटलं होतं. हर्शेलची चूक समजायला ही एक संध्याकाळ पुरते.

एकोणिसाव्या शतकात हा विषय मागे पडला. १८६६ मध्ये यूलियस श्मिट यांनी लिने विवर नाहीसं झाल्याचा दावा केल्यावर तेवढी खळबळ झाली, मग पुन्हा शांतता. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र दोन व्यावसायिक खगोलज्ञांनी तो पुन्हा टेबलावर आणला. डिन्समोर ऑल्टर यांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये माउंट विल्सनच्या ६० इंची दुर्बिणीतून अल्फान्सस विवराची निळ्या-जांभळ्या आणि अवरक्त प्रकाशात छायाचित्रं घेतली. निळ्या-जांभळ्या चित्रात तळाचा काही भाग धूसर वाटत होता. ते वाचून निकोलाय कोझिरेव्ह या रशियन खगोलज्ञानं अल्फान्ससवर लक्ष ठेवलं. स्टालिनच्या तुरुंगांत आणि छावण्यांत दहा वर्षं काढून परतलेला हा माणूस एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की सोडत नसे. ३ नोव्हेंबर १९५८ च्या पहाटे क्रिमियातल्या मोठ्या परावर्तक दुर्बिणीवर त्यानं विवराच्या मधल्या शिखराचा वर्णपट घेतला आणि त्यात दोन अणूंच्या कार्बन रेणूचे पट्टे आढळल्याचं सांगितलं. जमिनीतून निघालेला वायू सूर्यप्रकाशात चकाकला, असा त्याचा अर्थ.

कोझिरेव्हच्या वर्णपटावर बरीच टीका झाली. दुर्बीण किंचित सरकल्यामुळे असे भास होऊ शकतात, असं काहींचं मत होतं. जेरार्ड कायपर यांच्यासारखे मोठे ग्रहशास्त्रज्ञही सुरुवातीला साशंक होते. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीनं पुढे याच कामासाठी त्याला सुवर्णपदक दिलं. कोझिरेव्हच्या वर्णपटापाठोपाठ ग्रीनएकर यांचे लाल ठिपके आले, आणि चंद्रावर माणूस उतरवायच्या घाईत असलेल्या अमेरिकेला हा प्रश्न अचानक व्यावहारिक वाटू लागला. लाल-निळी गाळणी आलटून पालटून फिरवत रंगबदल टिपणाऱ्या ‘मून ब्लिंक’ प्रकल्पासाठी ‘नासा’नं पैसे दिले. मार्च १९६५ मध्ये रेंजर-९ यान मुद्दाम अल्फान्ससवर आदळवलं गेलं. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चंद्राभोवती फिरत असताना जर्मनीतल्या निरीक्षकांनी अ‍ॅरिस्टार्कसला उजेड दिसल्याचं कळवलं. ह्यूस्टननं अंतराळवीरांना पाहायला सांगितलं आणि आसपासच्यापेक्षा जास्त उजळ, किंचित चकाकणारा एक भाग दिसतोय असं उत्तर आलं. त्या वेळी तो भाग पृथ्वीच्या परावर्तित उजेडात होता. म्हणजे हर्शेलनं पाहिलेला देखावाच त्यांनी जवळून पाहिला असण्याची शक्यता मोठी आहे.

पहिली भूमिका : दोष इथलाच

साशंक मंडळींचं म्हणणं थोडक्यात असं, की चंद्र बदलत नाही, आपण आणि चंद्र यांच्यामधलं काहीतरी बदलतं. विल्यम शीहन आणि थॉमस डॉबिन्स यांनी १९९९ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात हा पक्ष वकिली आवेशात मांडला.

यातला सर्वांत बळकट मुद्दा वातावरणाचा. संकष्टीला चंद्र क्षितिजावर जेमतेम आला असताना दुर्बीण लावून पाहा. चंद्राच्या खालच्या कडेला तांबूस आणि वरच्या कडेला हिरवट-निळसर किनार दिसेल. तिरप्या वाटेनं जाड हवेतून येणारा प्रकाश लोलकातून आल्यासारखा फाकतो. हाच परिणाम एखाद्या झगझगीत विवरावर झाला की त्याच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळा डाग उमटतो. भिंगाच्या दुर्बिणीचं स्वतःचं वर्णविपथन त्यात भर घालतं. हवा थरथरत असेल तर रंग येतात-जातात, आणि पाहणाऱ्याला काहीतरी घडतंय असं वाटतं. रंगाच्या बहुतेक नोंदी अ‍ॅरिस्टार्कससारख्या उजळ जागांच्या का, याचं उत्तर इथे सहज मिळतं.

दुसरा मुद्दा उपग्रहांचा. ग्रीसमधल्या निरीक्षकांनी मे १९८५ मध्ये चंद्रावरचा एक लखलखाट चक्क छायाचित्रात पकडला होता. पुढच्या विश्लेषणात तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी हवामान-उपग्रहावरची चमक ठरला. तिसरा मुद्दा डोळ्याचा. अपोलो-१७ मधून हॅरिसन श्मिट यांना १० डिसेंबर १९७२ रोजी ग्रिमाल्डीजवळ आणि दुसऱ्या दिवशी रोनाल्ड एव्हान्स यांना ओरिएंटालेजवळ ठिणगी दिसली. पण वैश्विक किरण डोळ्याच्या पडद्यावर आदळल्यानं मिटल्या डोळ्यांतही ठिणग्या दिसतात, हे अपोलोच्या अंतराळवीरांनीच सांगितलं होतं. ती ठिणगी चंद्रावर पडली की श्मिट यांच्या डोळ्यात, हे आता कोण ठरवणार?

या भूमिकेची एक मर्यादा आहे. एखादी नोंद चुकीची असू शकते हे दाखवल्यानं ती चुकीची होती हे सिद्ध होत नाही. शीहन-डॉबिन्स यांचा खरा जोर वेगळ्याच निरीक्षणावर आहे : हौशी लोकांकडे उत्तम कॅमेरे आल्यानंतर पुराव्याची भरती यायला हवी होती, ती आलेली नाही.

दुसरी भूमिका : वरून पडलेले दगड

हा भाग लवकर आटोपता येतो, कारण इथे वाद जवळजवळ मिटलेला आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिंह राशीतल्या उल्कावर्षावाच्या वेळी चंद्राच्या अंधाऱ्या बाजूवरचे लखलखाट एकाहून अधिक ठिकाणच्या व्हिडिओत एकाच क्षणी सापडले आणि आघातांचे प्रकाश खरे असतात हे ठरून गेलं. १७ मार्च २०१३ ला इंब्रियम सागरात सुमारे ४० किलो वजनाचा अशनी आदळला; तो प्रकाश नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तेजस्वी होता, आणि नंतर ‘लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर’ला तिथे १८ मीटरचं ताजं विवर सापडलं. त्याच सप्टेंबरात स्पेनमधून टिपलेल्या एका आघाताची धग आठ सेकंद दिसत राहिली. ग्रीसमधल्या क्रिओनेरीच्या १.२ मीटर दुर्बिणीवर २०१७ पासून दोन वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत एकाच वेळी पाहणी होते, त्यामुळे ठिणगीचं तापमानही काढता येतं.

ही पद्धत जुन्या नोंदींना लावताना मात्र सावध राहावं लागतं. ओक्लाहोमातल्या लिऑन स्टुअर्ट या डॉक्टरांनी १५ नोव्हेंबर १९५३ रोजी घेतलेल्या छायाचित्रात चंद्राच्या मध्याजवळ पांढरा ठिपका आहे. क्लेमेंटाइन यानाच्या चित्रांतलं एक ताजं विवर त्याच आघाताचं असल्याचं २००३ मध्ये सुचवलं गेलं. मग तेच विवर १९५३ च्या कितीतरी आधीच्या छायाचित्रात सापडलं. आणि मुख्य म्हणजे, आघाताची चमक सेकंदांत संपते. ग्रीनएकर यांची लाली दगड पडून आलेली नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

तिसरी भूमिका : आतून निघणारा वायू

चंद्र पूर्ण मेलेला नाही, असं या गटाचं म्हणणं. त्याच्या पोटात युरेनियम आणि पोटॅशियमसारखी किरणोत्सारी मूलद्रव्यं आहेत. त्यांच्या क्षयातून रेडॉन आणि आर्गॉन तयार होतात आणि भेगांतून वर येतात. याला मोजमापांचा आधार आहे. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अल्फा कण मोजणाऱ्या उपकरणाला अ‍ॅरिस्टार्कसवर रेडॉनचं आधिक्य आढळलं. १९९८-९९ मध्ये ‘लूनर प्रॉस्पेक्टर’नं अ‍ॅरिस्टार्कस आणि केप्लर इथे पुन्हा रेडॉन नोंदवला. रेडॉन-२२२ चा अर्धायुकाल जेमतेम ३.८ दिवस, म्हणजे तो सापडला याचा अर्थ मोजणीच्या आधीच्या काही दिवसांत तो बाहेर आला होता. अपोलो-१७ नं चंद्रावर ठेवलेल्या वस्तुमान-वर्णपटमापकाला मिळालेल्या आर्गॉनचं प्रमाणही कमी-जास्त होत होतं. त्यात भर म्हणून २००६ मध्ये पीटर शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘इना’ या विचित्र खोलगट जागेचा अभ्यास करून तिथून गेल्या एक कोटी वर्षांत वायू सुटला असावा असं मांडलं.

कोलंबिया विद्यापीठाचे आर्लिन क्रॉट्स यांनी २००८ च्या सुमारास या सगळ्याची गाठ जुन्या नोंदींशी मारली. निरीक्षकाचा पूर्वग्रह, ऋतू, काळ असे घटक बदलूनही जे टिकतं तेवढंच धरायचं, अशी त्यांची चाळणी होती. गाळून उरलेल्या नोंदींपैकी साधारण निम्म्या अ‍ॅरिस्टार्कसच्या निघाल्या आणि रेडॉनही तिथेच होता. त्यांचा कयास असा की मातीच्या थराखाली वायू कोंडतो, मग एकदम सुटतो आणि धूळ उडवतो; ती धूळ काही मिनिटं प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं परतवते.

आक्षेप दोन. एक, अपोलोनं मोजलेला रेडॉन इतका विरळ आहे की त्यापासून थेट उजेड दिसणं अशक्य. उजेडासाठी वायूचे मोठे लोट लागतील आणि ते कुणीही मोजलेले नाहीत. दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा, त्याच्याकडे पुढे वळू.

मागे पडलेल्या काही कल्पना

साठच्या दशकात झेडेनेक कोपाल यांनी सूर्यावरच्या स्फोटांतून येणारे कण चंद्रावरचे खडक चमकवतात असं मांडलं. अपोलोनं आणलेले नमुने तपासल्यावर ते इतकं कमी चमकतात हे दिसलं की ही कल्पना टिकली नाही. विद्युतभारानं तरंगणाऱ्या धुळीची कल्पना जास्त दिवस जगली. युजीन सर्नन यांनी अपोलो-१७ मधून क्षितिजावरच्या प्रकाशाची रेखाटनं केली होती. मात्र २०१३-१४ मध्ये ‘लॅडी’ यानाला तेवढी दाट, उंच धूळ मिळाली नाही. खडक फुटताना विद्युत निर्माण होऊन ठिणगी पडते ही कल्पना प्रयोगशाळेत शक्य आहे, चंद्रावर तिला पुरावा नाही.

अ‍ॅरिस्टार्कसची गाठ

सगळे पक्ष अखेर या एका विवराशी येऊन थांबतात. इथे रेडॉन आहे. इथलं पठार ज्वालामुखी राखेनं झाकलेलं आहे आणि चंद्रावरच्या सर्वांत मोठ्या वळणदार दऱ्यांपैकी एक, श्रोटर दरी, इथूनच निघते. वायू बाहेर येण्यासाठी याहून सोयीची जागा सापडणार नाही. पण हेच विवर सर्वांत उजळ असल्यामुळे वातावरणाचा रंगखेळही इथेच ठळक दिसतो. आणि हर्शेलपासून प्रत्येक पुस्तकात त्याचं नाव असल्यामुळे दुर्बीण हातात आली की माणूस आधी तिथेच वळवतो. जिथे सगळे पाहतात तिथेच सगळ्यांना दिसतं. या विवरात उजेड जास्त, की त्याच्यावर डोळे जास्त? मघाचा दुसरा आक्षेप तो हाच.

क्रॉट्स यांची चाळणी नेमकी याच दोषावर होती. पण कोणत्या जागेकडे किती तास पाहिलं गेलं आणि काहीच दिसलं नाही, याची नोंद जुन्या निरीक्षकांनी क्वचितच ठेवली. भागाकारातला छेदच हरवलेला असेल तर उत्तरावर किती विसंबायचं, यावर आजही एकमत नाही. चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना नोंदी वाढतात, हा साठच्या दशकातला भरतीशी जोडलेला दावाही मोठ्या यादीत पुसट झाला. याउलट, खोलवरचे चंद्रकंप भरतीच्या ताणाशी जुळतात हे अपोलोच्या भूकंपमापकांनी निःसंशय दाखवलं. १९७७ मध्ये ते बंद झाले तोवर उथळ कंप अवघे २८ नोंदले गेले होते.

आताचं काम

पाहण्याची पद्धत बदलली हा गेल्या पंचवीस वर्षांतला खरा फरक. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठाचे अँथनी कुक ब्रिटिश आणि अमेरिकी हौशी संघटनांसाठी जुन्या नोंदींची फेरतपासणी करवून घेतात. नोंदीच्या वेळी सूर्यप्रकाश ज्या कोनात होता तसाच तो पुन्हा येईल त्या रात्री तीच जागा पाहायची. त्याच सावल्यांत तोच ‘चमत्कार’ पुन्हा दिसला तर तो चमत्कार नव्हता. बऱ्याच नोंदी अशा निकालात निघतात. काही निघत नाहीत. ओद्युएँ डोल्फ्यूस यांनी डिसेंबर १९९२ मध्ये फ्रान्समधल्या मदों वेधशाळेतून लांग्रेनस विवरात टिपलेला बदल उरलेल्यांपैकी सर्वांत भक्कम मानला जातो, कारण त्यांनी ध्रुवित प्रकाशाचं मोजमाप केलं होतं. उलट १९९४ मध्ये अ‍ॅरिस्टार्कसजवळ हौशी निरीक्षकांनी कळवलेल्या घटनेच्या आधीची आणि नंतरची क्लेमेंटाइनची चित्रं मिळाली, सुरुवातीला त्यांत रंगबदल वाटला, आणि बारकाईनं तपासल्यावर तो टिकला नाही. वुर्झबुर्ग विद्यापीठाचे हाकान कायाल यांनी २०१९ मध्ये स्पेनमध्ये आपोआप नोंद घेणारी दुर्बीण बसवली.

वायूच्या बाजूला भारताचा हातभार थेट आहे. चंद्रयान-२ वरच्या ‘चेस-२’ उपकरणानं चंद्राच्या विरळ वायुवेष्टनातल्या आर्गॉन-४० ची वाटणी मोजली आणि काही जागी तो स्थानिक पातळीवर वाढलेला दाखवला. ‘लॅडी’नंही पश्चिमेकडच्या काळ्या मैदानांवर, म्हणजे अ‍ॅरिस्टार्कसच्याच टापूत, आर्गॉनचा फुगवटा नोंदवला होता. चंद्रयान-३ च्या भूकंपमापकाला २६ ऑगस्ट २०२३ रोजी नैसर्गिक वाटणारा एक हादरा मिळाला, मात्र तो दक्षिण ध्रुवाकडे. २०२४ मध्ये चांग-ए-६ बरोबर फ्रान्सचं ‘डॉर्न’ हे रेडॉनमापक चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं.

काय उरलं

ठिणग्यांचा प्रश्न सुटला आहे. रंगाच्या बहुसंख्य नोंदी आपल्या हवेत आणि भिंगात विरघळतात, आणि वायू निघतो हेही मोजून झालं आहे. उरतात त्या थोड्या नोंदी : मिनिटं किंवा तास टिकलेल्या, अनुभवी माणसांनी पाहिलेल्या, फेरतपासणीत न निघालेल्या. निघणारा वायू आणि दिसलेला उजेड यांना जोडणारी कडी अजून कुणाच्या हाती नाही. क्रॉट्स यांचा पक्ष खरा असेल तर अ‍ॅरिस्टार्कसवर रेडॉन वाढण्याचा आणि उजेड दिसण्याचा क्षण एकच असला पाहिजे. साशंकांचा खरा असेल तर दोन खंडांतल्या दोन दुर्बिणींना एकाच मिनिटाला तीच लाली कधीच दिसता कामा नये. दोन्ही चाचण्या करता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी त्या पठारावर रेडॉनमापक आणि भूकंपमापक एकत्र उतरायला हवेत, आणि त्याच वेळी पृथ्वीवरून वर्णपटमापक लावलेल्या किमान दोन दुर्बिणी तिथे रोखलेल्या हव्यात. त्या पठारावर आजवर एकही यान अलगद उतरलेलं नाही. अपोलो-१८ साठी विचारात घेतलेल्या जागांमध्ये श्रोटर दरीचं नाव होतं; ती मोहीमच रद्द झाली.